‘तर’ आणि ‘तरच’

दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे, हे आपण पुष्कळदा कानानेच ठरवतो. तर्कशास्त्राला हा कौल मान्य नाही. घटक विधानांच्या सत्यासत्यतेची प्रत्येक शक्यता मांडावी आणि दोन्ही वाक्यांचे मूल्य सर्वत्र जुळते का ते पाहावे, असे ते सांगते. घटक दोन असल्यास शक्यता चार, तीन असल्यास आठ, दहा असल्यास १०२४. एका ओळीतही मूल्य भिन्न आले की समानता संपली. विट्गेन्स्टाइन व एमिल पोस्ट या दोघांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात ही सत्यता-कोष्टकाची रीत आढळते.

आपल्या न्यायशास्त्रालाही ही दक्षता ठाऊक होती. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ म्हटले, की ‘जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही’ हे आपोआप आले. पण ‘जेथे धूर नाही तेथे अग्नी नाही’ हे मात्र त्यातून येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्यास खोटे पाडतो. तेथे अग्नी आहे, धूर नाही.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. ‘हा दाखला असेल तर अर्जदार पात्र समजावा,’ असा नियम असतो. आणि टेबलावर उत्तर मिळते, ‘दाखला नाही, सबब अपात्र.’ नियमात ‘तर’ होते, वाचणाऱ्याने ‘तरच’ वाचले. एका ‘च’ने एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन अडते. शासकीय सेवेत आम्ही हे अनेकदा पाहिले. नियम कठोर असेल तर तो बदलून घेता येतो. पण जो लिहिलाच गेला नाही, त्याविरुद्ध दाद कोठे मागावी?

हाच ‘च’ आपल्या घरांतही शिरतो. ‘जो मराठी बोलतो तो आपला’ हे वाक्य प्रेमाचे आहे. त्यावरून ‘जो बोलत नाही तो आपला नव्हे’ असे म्हणणारे भेटतात, आणि इंदूर-बडोद्याकडे हिंदी-गुजरातीत वाढलेली आपलीच नातवंडे उंबऱ्याबाहेर उभी राहतात. पहिल्या वाक्यात त्यांना घालवण्याचा अधिकार कोणासही दिलेला नव्हता.

नियम न्याय्य आहे की नाही, हे कोष्टक सांगू शकत नाही. तो विवेकाचा प्रांत. परंतु जे म्हटले गेले तेवढेच आपण लागू करीत आहोत ना, हे ते निश्चित सांगते. दुसऱ्याचे भवितव्य आपल्या वाचनावर अवलंबून असताना एवढी तपासणी न करणे, हा आम्हांस बुद्धीचा आळस न वाटता नीतीचा दोष वाटतो.