स्वस्त पोळीचं बिल कोण भरतं?

13 मे 2022 ला केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात भाव भडकू नयेत म्हणून. ऐकायला बरोबरच वाटतं. पण त्याआधीच्या मार्चमध्ये शेतात काय झालं होतं ते बघू.

कमाल तापमानाच्या देशभरातल्या सरासरीनुसार तो 1901पासूनचा सर्वांत तापलेला मार्च होता. गहू थंडीचं पीक. ओंबी बाहेर पडल्यावर दाणा भरायला त्याला अजून काही आठवडे गारवा हवा असतो. तो मिळाला नाही की पीक घाईने पिकतं आणि दाणा चिमतो. पंजाब-हरियाणात तेच झालं. खत, पाणी, मजुरी सगळा खर्च करून झालेला, आणि पोतं हलकं.

महाराष्ट्रात तर थंडी मुळातच आखूड. इथलं हेक्टरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ असे वाण दिले, पण उन्हापुढे वाण तरी किती टिकणार? त्यात पाणी. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळं फुटतात, तेव्हाची पाळी चुकवून चालत नाही. शेतीची वीज पाळीपाळीने येते. रात्रीची आली तर डिसेंबरच्या कडाक्यात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. जुन्नरसारख्या भागात वर बिबट्याची धास्ती. (आमच्या क्षेत्रात रात्री सर्व्हर पडला आणि कुणाला उठावं लागलं, तर बऱ्याच कंपन्या त्याचा भत्ता देतात. दारं धरणाऱ्याला असला भत्ता कोण देणार?)

पीक कमी आलं की भाव चढतो. शेतकऱ्यासाठी तीच काय ती भरपाई. 2022 मध्ये तो चढलाही होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यामुळे जगभर गव्हाला मागणी होती. हमीभाव क्विंटलला 2015 रुपये, आणि व्यापारी त्याहून जास्त देत होते. आदल्या वर्षी 433 लाख टनांवर गेलेली सरकारी खरेदी साधारण 188 लाख टनांवर आली. मग बंदी आली.

म्हणजे ऊन शेतकऱ्याने एकट्याने सोसायचं, आणि त्यामुळे वाढलेला भाव मात्र सगळ्यांच्या भल्यासाठी सोडून द्यायचा. भाव पडतो तेव्हा ही ‘सगळे’ मंडळी कुठे असतात? हमीभाव आहे म्हणाल, तर महाराष्ट्रात गव्हाची सरकारी खरेदी नावालाच.

दुसरी बाजू हलकी नाही. भुकेल्याचा हक्क नफ्याच्या हक्काहून मोठा, हे मलाही मान्य आहे. गोदामात गहू कमी पडल्याने त्या वर्षी काही राज्यांत रेशनवर गव्हाऐवजी जादा तांदूळ द्यावा लागला. रेशनकार्ड गावी ठेवून आलेला बांधकाम मजूर आटा दुकानातूनच घेतो. आपल्याकडचे कितीतरी शेतकरीसुद्धा गहू विकत घेऊन खातात. यांना वाचवायला हवंच.

माझं भांडण ‘वाचवायचं की नाही’ याच्याशी नाहीच, ‘कुणाच्या खिशातून’ याच्याशी आहे. सरकारला बाजारभावाने गहू घेऊन रेशनवर देता आला असता. तो खर्च करांतून गेला असता. ज्याची कमाई जास्त त्याच्यावर जास्त. निर्यातबंदी हाही एक करच आहे, फक्त तो कमाई बघून लागत नाही. तुम्ही यंदा गहू पेरला होता का, एवढंच बघून लागतो. तो अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

मेपर्यंत बऱ्याच शेतकऱ्यांनी माल विकलेला होता, नुकसान व्यापाऱ्यांचं झालं, असंही म्हणतात. काही अंशी खरं आहे. पण एकदा हात पोळलेला व्यापारी पुढच्या हंगामात बोली लावताना ती धास्ती भावातून वजा करतो, आणि समोर उभा असतो तो शेतकरीच.

आणि स्वस्त गव्हाचा फायदा फक्त गरिबाला मिळत नाही, मलाही मिळतो. महिन्याला दहा किलो गहू लागणाऱ्या घरात किलोमागे पाच रुपये वाढले तर पन्नास रुपये होतात. कित्येकदा मी त्याहून जास्त पैसे नुसत्या डिलिव्हरीचे देतो, आणि ते वाढले म्हणून कुठल्या सरकारने रातोरात आदेश काढलेला मला आठवत नाही.