दिल्लीचा प्रश्न, दिंद्रुडची तक्रार

जुलै २०१७ मध्ये मराठवाड्यातल्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्धच तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं आणि पावसानं ओढ दिली. शिवाय बियाणं आणि कीटकनाशक कंपन्यांशी या खात्याचं संगनमत आहे, असा आरोप. संगनमताचं मला पटत नाही. पण तक्रारीला हसून सोडून द्यावं, असंही वाटत नाही. त्या वर्षी खात्यानं देशासाठी आधी सरासरीच्या ९६ आणि जूनमध्ये ९८ टक्के पाऊस सांगितला होता. पडला ९५ टक्के. म्हणजे पुण्या-दिल्लीच्या हिशेबात अंदाज बरोबर आणि आनंदगावच्या रानात पीक माना टाकतंय. दोन्ही खरं.

हे असं का होतं, ते वसंत गोवारीकरांच्या कारकिर्दीत दिसतं. गोवारीकर हवामानशास्त्रज्ञ नव्हते. ते रसायन अभियंता. बर्मिंगहॅमहून डॉक्टरेट घेऊन १९६७ मध्ये साराभाईंच्या थुंब्याला आले, अग्निबाणांच्या घन इंधनावर काम केलं आणि पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. १९८६ मध्ये ते केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. हवामान खातं तेव्हा त्याच विभागाखाली होतं. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. धान्यसाठा किती ठेवायचा, आयात करायची का, हे सरकारला मोसमाआधी ठरवायचं होतं. अशा वेळी सचिव जे करील तेच त्यांनी केलं: देशाचा एक आकडा काढण्याची सोय. युरेशियातला बर्फ, एल निनो, उंचावरचे वारे अशा सोळा घटकांचं प्रारूप १९८८ पासून वापरात आलं. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं राष्ट्रीय केंद्रही त्यांच्याच काळात, १९८८ मध्ये उभं राहिलं. त्याची वाहवा फारशी झाली नाही. माझ्या मते तीच जास्त व्हायला हवी होती.

सोळा घटकांचं नाव मात्र झालं. त्यात नशिबाचाही वाटा होता. १९८८ ते २००१ या काळात देशव्यापी मोठा दुष्काळ पडलाच नाही. दरवर्षी डोळे मिटून ‘सरासरीइतका’ म्हणणाराही बहुतेक वेळा जिंकला असता. २००२ मध्ये १०१ टक्क्यांचा अंदाज होता, पाऊस ८१ टक्के. जुलै तर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. रंजन केळकर तेव्हा खात्याचे महासंचालक होते. २००३ पासून नवी प्रारूपं आली, अंदाज दोन टप्प्यांत देणं सुरू झालं. हत्यार बदललं. प्रश्न तोच राहिला: देशात एकूण किती पडेल?

माजलगावच्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. मृगात सोयाबीन टाकावं की थांबावं, खंड पडला तर दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा, हे त्याचे प्रश्न. देशाच्या बेरजेत चेरापुंजीही असते आणि मराठवाड्यातलं कोरडं आष्टी-पाटोदाही.

पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हा दुसरा प्रश्न धरला. मोसमी पावसाच्या त्या मोठ्या अभ्यासक होत्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमूग पिकवणाऱ्यांशी बोलून, तिथल्या पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाचं गणित जुळवून, पेरणी कधी केली तर जोखीम कमी, हे त्यांनी शोधलं. यंदा किती पडेल हे न सांगताही शेतकऱ्याला काही उपयोगाचं सांगता येतं, हे त्यातून दिसलं. खात्याचं शास्त्र कमी दर्जाचं नव्हतंच. ऐकणारा कोण हे आधी ठरलं होतं, एवढंच.

धोरणाला ही गोष्ट कळली नाही असं नाही. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान घटक सुरू झाले; तालुक्यापुरता पिकांचा सल्ला तिथून निघायचा. देशभर असे १९९ घटक होते. मार्च २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. एप्रिलचा देशव्यापी टक्का मात्र दिल्लीत दरवर्षीसारखा जाहीर झाला, आणि मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला तर त्यांना दोष कसा द्यावा; सांगायला दुसरं होतं काय?