खोली सोडून गेलेल्याचा हिशेब



आपल्यात एक वाक्य फार चालतं. 'आपल्या-आपल्यात कसला हिशेब?' ऐकायला गोड वाटतं. पण हे वाक्य आपलं नाही. ते गावकीचं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी रात्री-बेरात्री सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं पळाले. किती दिवस राबले, किती मजुरी झाली, कुणी मोजलंच नाही. 'तुम्ही गावचेच की' म्हणायचं आणि खळ्यावर मिळेल ते पदरात टाकायचं. वर उपकार. दुसरीकडं सावकाराची वही. तिथं हिशेब होता, पण लेखणी त्याची आणि अंगठा आपला.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. काम कोणतं ते ठरलेलं असावं, त्याचा मोबदलाही ठरलेला असावा, ही त्यामागची मागणी. वतनं जायला पुढं १९५८ चा कायदा यावा लागला. ज्या माणसानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या पोरांनी हिशेबाला लाजावं? हिशेब मागणं हा हलकटपणा नाही, ती बरोबरीची खूण आहे. मालक आणि गडी यांच्यात बक्षीस असतं, भीक असते. बरोबरीच्या माणसांत देणं-घेणं असतं.

हे सगळं आठवायचं कारण पुण्यातली एक खोली. परीक्षेची तयारी करणारी तीन पोरं, तिघंही चळवळीतली. एक जण न सांगता निघून गेला. फोन बंद. उरलेल्या दोघांनी मला बोलावलं. मी गेलो तोवर त्याचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरून झाला होता. खाली लिहिलेलं, 'साडेसात हजार खाऊन पळाला.' त्याच्याखाली आणखी एकानं त्याची पोटजात काढून 'ती माणसं तसलीच' असं लिहिलं. खोलीत त्याची पत्र्याची पेटी होती. पेटीत पुस्तकं, मार्कशीट आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र. 'पैसे टाकल्याशिवाय पेटी मिळायची नाही,' दोघं म्हणाले.

मी वही मागितली. वही नव्हती. मग कोऱ्या कागदावर बसलो.

खोलीचं भाडं ९,००० रुपये, माणशी ३,०००. गेलेल्याचं मागच्या महिन्याचं भाडं राहिलेलं, ३,०००. चालू महिन्याचं ३,०००. किराणा आणि गॅसमधला वाटा १,२००. लाइटचे २५०. एकूण ७,४५०. म्हणजे फोटोखालचा आकडा जवळजवळ बरोबर. पण खोली घेताना डिपॉझिट भरलं होतं १८,०००, त्यात त्याचे ६,०००. तो गेल्यावर २१ तारखेला नवा मुलगा आला. त्यानं स्वतःचे ६,००० डिपॉझिट म्हणून या दोघांच्या हातात दिले आणि महिन्याच्या उरलेल्या दहा दिवसांचं भाडं १,००० रुपये दिलं. म्हणजे गेलेल्याचे ६,००० यांच्याकडं जमा झालेच होते. ७,४५० मधून ६,००० गेले, राहिले १,४५०. त्यातून १,००० गेले, राहिले ४५०.

साडेचारशे रुपये! एवढ्यासाठी एका पोराचा फोटो चोर म्हणून फिरवला.

दोघंही गप्प झाले. मग एक म्हणाला, 'पण तोंडी ठरलं होतं ना, महिनाभर आधी सांगायचं. मग पुढचा महिनाही त्याच्यावरच.' मी विचारलं, पुढच्या महिन्याची कॉट रिकामी आहे का? नाही. मग नुकसान कुठं झालं? भरपाई झालेल्या नुकसानीची असते, झालेल्या अपमानाची नसते. न सांगता गेला म्हणून काळीज जळतं, ते खरं आहे. पण जळलेल्या काळजाचे पैसे लावायचे नसतात. ते त्याला तोंडावर सांगायचं, 'गड्या, तू वाईट केलंस.' रक्कम वेगळी ठेवायची, दुखणं वेगळं ठेवायचं. दोन्ही एका बेरजेत घातली की सावकारी सुरू होते.

आता दुसरी बाजू. ग्रुपवरचे काही थोर कार्यकर्ते मला म्हणाले, 'गरीब पोरगं आहे, सोडून द्या.' मला हेही पटलं नाही. मागं उरलेली पोरं कोणती गडगंज आहेत? घरमालकानं पूर्ण भाडं त्यांच्याकडूनच वसूल केलं. त्यातल्या एकाच्या आईचे खुरपणीचे पैसे त्यात गेले. १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलम सांगतं की अनेकांनी मिळून एक देणं कबूल केलं असेल, वेगळं काही ठरलं नसेल, तर घेणेकरी कुणाही एकाकडून सगळं मागू शकतो. आणि ज्यानं भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. उसनवारीच्या अशा पैशाच्या दाव्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं साधारण तीन वर्षं असतात. साडेचारशेसाठी कोर्टात जा, असं मी सांगत नाही. सांगतोय ते इतकंच, की भरणाऱ्याचा हक्क खरा आहे. माफ करायचं तर ज्यानं भरलं त्यानं करावं. ज्याच्या खिशातून दमडी गेली नाही त्यानं दुसऱ्याच्या पैशावर करुणा दाखवू नये. आणि माफीही हिशेबानंतरच येते. किती माफ केलं हेच ठाऊक नसेल, तर तो नुसता आळस.

गेलेल्यालाही धम्म मोकळं सोडत नाही. विनयात उपसंपदा घेणाऱ्याला जे प्रश्न विचारतात, त्यात एक असा आहे की तू ऋणमुक्त आहेस ना? घरदार सोडून निघालेल्यालासुद्धा देणं बुडवून संघात शिरता येत नव्हतं. अनाथपिंडिकाला बुद्धानं गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात एक ऋण नसल्याचं सुख. गरिबाला परवडणारं हे सुख आहे. ते त्याच्यापासून आपण का काढून घ्यावं?

तो का गेला? मी चौकशी केली नाही. घरून पैसे बंद झाले असतील, स्कॉलरशिप अडकली असेल, अपयशाची लाज असेल. कारणानं मुदत बदलते, बोलण्याचा सूर बदलतो. रक्कम बदलत नाही, वाढत नाही आणि कमीही होत नाही.

पेटीबद्दल मात्र मी वाद घातला नाही, हुकूमच केला म्हणा. जात पडताळणीच्या कागदाअभावी राखीव जागेवरची ॲडमिशन अडते, नोकरी अडते. साडेचारशेपायी एका माणसाचं पुढचं आयुष्य गहाण ठेवायचं? आपल्या बापांची जमीन, भांडी, माणसंसुद्धा अशीच गहाण पडली होती. वेठबिगारी बंद करायला १९७६ साली कायदा करावा लागला, तो असल्याच अडवणुकीच्या विरोधात. वस्तू अडवून पैसे काढायची रीत आपल्याला पाठ आहे, कारण आपण ती सोसली. सोसलेलं दुसऱ्यावर उलटवायला शिकलो तर शिकून काय मिळवलं?

आणि पोटजातीचं ते वाक्य. एक पोरगा गेला आणि अख्खी जमात चोर ठरली. हाच न्याय वरचे आपल्याला लावतात, म्हणून तर आडनाव ऐकून खोल्या नाकारतात. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत असं सांगितलं. बंधुता मोर्चात सोपी असते. ती तीन कॉटच्या खोलीत, गॅसच्या टाकीच्या वाट्यावर तपासली जाते.

तेव्हा खोली घ्याल त्या दिवशी एका पानावर लिहा. भाडं किती, डिपॉझिट कुणाचं किती, किराण्याची वाटणी कशी, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, बदली माणूस कुणी आणायचा. सगळ्यांनी सह्या करा, प्रत्येकाकडं एक प्रत ठेवा. हा अविश्वास नव्हे. उद्या कुणावर वाईट वेळ आली तर त्याला ताठ मानेनं निघता यावं, याची ही सोय आहे.

ग्रुपवरचा फोटो आणि ते वाक्य दोघांनी काढायला लावलं. काढल्याचं खाली लिहिलंही. पेटी त्याच आठवड्यात गावाकडं जाणाऱ्या एकाबरोबर एस.टी.नं गेली. आत हिशेबाचा कागद ठेवला, दुसरं काही लिहिलं नाही. साडेचारशे अजून आलेले नाहीत. आता खोलीत वही आहे, तिच्यात ते 'येणे' म्हणून मांडलेत. साडेचारशेच.