कडब्याची गाय

चित्रकलेचा निवृत्त मास्तर म्हटल्यावर कडा गावातल्या गणेश मंडळाचा देखावा माझ्याच गळ्यात पडतो. २०१९ ला पोरांना दुष्काळ दाखवायचा होता. त्या उन्हाळ्यात आष्टी तालुक्यात जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. थर्माकोलवर आदल्याच वर्षी बंदी आलेली. मग बांबूच्या सांगाड्यावर कडब्याच्या पेंढ्या सुतळीनं आवळून हाडं निघालेली गाय उभी केली.

एक म्हातारे शेतकरी आले, बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, जित्त्या गाईच्या तोंडचा कडबा काढून ही कुणाला दाखविता? आमाला व्हय?"

त्यांच्या प्रश्नानं मला पॅरिसची गोष्ट आठवली. डिसेंबर २०१५ मध्ये तिथं हवामान परिषद भरली, तेव्हा ओलाफुर एलियासन या कलावंतानं ग्रीनलंडहून आणलेले बर्फाचे बारा खडक भर चौकात मांडून वितळू दिले. पॅरिसच्या माणसाला तो बर्फ हात लावून कळला असेल. कड्यात दुष्काळाची जाणीव कुणाला करून द्यायची? टँकरमागे पळणाऱ्याला?

मी स्वतःची समजूत घातली की हा देखावा माणसांसाठी नाहीच, दहा दिवस पाहुणा आलेल्या देवासाठी आहे. त्यानं बघावं, आम्ही कसं जगतो ते. पण देवाला दाखवायलाही चारा अडवून ठेवावा का? नैवेद्य आधी देवापुढे जातो, मग पानात, हे खरं. पण लेकरू भुकेनं रडत असेल तर कुठली आई आरती संपायची वाट बघते?

शास्त्राचा मला एक आधार सापडला. पार्थिव गणपतीची उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली की देव निघाला. उरते ती माती, आणि तिला पाण्यात सोडायचं ते मातीत मिळावी म्हणून. नदी कोरडी असेल तर बादलीही चालते. म्हणजे तात्पुरत्या गोष्टीचं पावित्र्य तिच्या नाहीसं होण्यात नाही, मागं काय उरतं त्यात आहे. आम्ही अनंत चतुर्दशीला गाय सोडवली, कडबा गोठ्यात गेला, बांबू परत मांडवाला लागले. म्हाताऱ्यांचा आक्षेप त्यानं पुरता मिटला असं मी म्हणणार नाही. ते दहा दिवस कुणाच्या तरी गव्हाणीतून गेलेच होते.

माझे स्थानकवासी जैन मित्र मूर्तीच मांडत नाहीत. ते हसतात, "अनित्य भावनेचं चिंतन बसल्या जागी होतं की, एवढा पसारा कशाला?" त्यांचं बरोबर असेल. मला मात्र हातानं काही केल्याशिवाय विचार सुचत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच आष्टी तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आता पोरांना पुराचा देखावा हवाय. मी सांगितलंय, विसर्जनानंतर कुठली वस्तू कुठं जाणार याची यादी आधी आणा. यादी आली, फ्लेक्सपुढची जागा तेवढी कोरी आहे, आणि ती भरेपर्यंत मी पेन्सिल हातात धरणार नाही.