किमतीचा विटाळ

आमच्या रिंगखात्यातला एक दोस्त घरासाठी पतसंस्थेतून कर्ज काढतोय. दोन खोल्या, वर पत्रा. त्याला दोन जामीन पाहिजेत. एक मिळाला, दुसऱ्यासाठी त्याने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं नाही. पाळी सुटल्यावर टपरीवर हा विषय निघाला तेव्हा आमच्यातलाच एक शिकलेला कार्यकर्ता म्हणाला, "सही करू नकोस. ज्याचं कर्ज त्यानं फेडावं, नायतर घर सोडावं. यात अन्याय कसला? एक बुडाला की शेजारचापण बुडतो. अमेरिकेत काय झालं?"

अमेरिकेत काय झालं ते मला नीट ठाऊक नव्हतं. त्याला तरी किती ठाऊक होतं कुणास ठाऊक. मग मी महिनाभर वाचत बसलो, मिळेल ते, डिक्शनरी मांडीवर घेऊन. दोस्तहो, त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. प्रश्न आकडेमोडीचा दिसतो, पण आहे नीतीचा. शेजाऱ्याने हप्ता बुडवला, त्याचं घर जप्त झालं, आणि त्यापायी माझ्या घराचा भाव पडला, तर शेजारी माझा गुन्हेगार काय?

आधी घडलं काय ते. तिकडे घर गहाण टाकून तीस-तीस वर्षांच्या हप्त्याने कर्ज घेतात. २००० नंतर तिथल्या बँकांनी आणि दलालांनी ज्यांची पत कमी समजली जाते अशांना भराभर कर्जं वाटली. सबप्राइम म्हणतात त्याला. बऱ्याच कर्जांत पहिली दोन वर्षं व्याज हलकं, तिसऱ्या वर्षी चढतं. देणाऱ्याला पैसा परत येतो की नाही याची फिकीर नव्हती, कारण तो ते कागद पुढच्याला विकून मोकळा होत होता. २००६ पर्यंत घरांचे भाव चढत होते तोवर सगळं झाकून गेलं. हप्ता जड झाला तर घर विकून सुटता यायचं. भाव उतरायला लागले आणि झाकण उडालं. २००९ ला २८ लाखांवर घरांवर जप्तीचे कागद लागले, २०१० ला परत तेवढ्याच.

आता शेजारच्याचं काय होतं? बँकेला त्या घरात राहायचं नसतं. तिला पैसा पाहिजे, तोही लवकर. म्हणून मिळेल त्या भावाला विकते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १९८७ ते २००९ च्या घरविक्रीचा अभ्यास झाला आहे, त्यात जप्तीतलं घर सरासरी २७ टक्के कमी भावाने गेलेलं आढळलं. आणि तिथे घराची किंमत ठरवणारा माणूस येतो तो आजूबाजूची नुकती विकली गेलेली घरं बघतो. म्हंजे पडेल भावाने गेलेलं घर हेच साऱ्या गल्लीचं माप होऊन बसतं. त्यात घर रिकामं राहिलं की गवत वाढतं, काचा फुटतात, चोर भिंतीतल्या तांब्याच्या नळ्यापण उपसून नेतात. घरं विकायला शंभर आणि घेणारे दहा. मग ज्याने एकही हप्ता चुकवला नाही त्याच्या घराची किंमत त्याच्याच कर्जाच्या खाली जाते. विकलं तरी कर्ज फिटत नाही. दुसऱ्या गावात काम मिळालं तरी घर सोडून जाता येत नाही. इथलं काम गेलं की तोही जप्तीत, आणि मग त्याच्या घरापायी पुढच्याचं माप उतरतं. तिथल्या शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात, तिलाही झळ लागते.

हे नुकसान खरं आहे. ते नाकारून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

पण एक अभ्यास वाचताना मी थांबलो. शिकागोतला. १९९७-९८ मध्ये जप्त झालेली घरं आणि १९९९ मध्ये विकली गेलेली घरं ताडून बघितली, तर घरापासून मैलाच्या आठव्या भागात, म्हंजे साधारण दोनशे मीटरच्या आत, एक घर जप्त झालं की किंमत सुमारे ०.९ टक्क्याने उतरलेली. दोनशे मीटर! अंतर मोजून नुकसान. आपल्याला हे माप नवं आहे का? कोणत्या जातीने कोणापासून किती पावलं लांब उभं राहायचं याची मापं केरळात ठरलेली होती. पेशवाईत आपल्या माणसाची सावलीसुद्धा मोजली गेली. अभ्यास करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी जे आहे ते मोजलं. पण बाजाराला विटाळ कळतो, हे मला तिथे दिसलं.

आणि बाजार तो नवीन शिकलेला नाही. १९३३ ला तिथल्या सरकारने घरकर्जासाठी एक संस्था काढली. तिने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. काळ्या माणसांची वस्ती म्हंजे लाल. लाल म्हंजे धोक्याची, तिथे कर्ज नको. कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या दुसऱ्या खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तकात तर सरळ सांगितलेलं होतं की वस्ती टिकवायची तर एकाच वंशाचे लोक तिथे राहिले पाहिजेत. म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीत काळा आला की भाव पडतो, हा नियम. नियम केला म्हणूनच भाव पडायचा, हे कोण बोलणार? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा खिशात भाडं होतं, पदरी अमेरिकेतली पदवी होती, पण शहरभर एक खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना काढलं. घराला नुसती भिंत आणि पत्रा लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९६८ च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि आठवड्याभरात घराच्या बाबतीत वंशभेद बंद करणारा कायदा झाला. कायद्याने कागदावरचा लाल रंग गेला. पुढे सावकाराने उलटी चाल केली. जिथे आधी कर्ज देत नव्हते तिथेच महाग कर्ज घेऊन शिरले. बाल्टिमोर शहराने वेल्स फार्गो या बँकेवर २००८ ला दावा लावला. त्या दाव्यात बँकेच्याच जुन्या नोकरांनी शपथेवर सांगितलं की काळ्यांची चर्चं हेरून तिथे कर्जं खपवली, आणि त्या गिऱ्हाइकांना आपसात 'मातीची माणसं' म्हणत. बँकेने आरोप मान्य केले नाहीत. २०१२ मध्ये सरकारशी साडेसतरा कोटी डॉलरवर मिटवलं. सरकारचं म्हणणं होतं की तीस हजारांहून जास्त काळ्या आणि स्पॅनिशभाषक कर्जदारांना जादा व्याज आणि जादा दलाली लावली. त्यांतले कित्येक स्वस्त कर्जाला पात्र होते.

इथे मला मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवला. ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच, असा व्याजाचा दर तिथे लावून दिलेला आहे. जो जितका खाली त्याला तितकं व्याज जड. आणि फेडता आलं नाही की म्हणायचं, बघा, यांची पतच नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला ते पुस्तक जाळलं गेलं. दर काही जळला नाही.

"पण सही तर त्यानंच केली ना?" असं आमचा कार्यकर्ता म्हणेल. केली. आणि मी हेही सांगतो की सगळेच गरीब, सगळेच फसलेले, असं नव्हतं. लास व्हेगास, फ्लोरिडा इकडे लोकांनी चढत्या भावावर पैसा मारायला तीन-तीन, चार-चार घरं घेतली आणि भाव पडल्यावर टाकून दिली. त्यांच्यासाठी माझ्याकडे अश्रू नाहीत. शिवाय दिला शब्द पाळावा असं मलाही वाटतं. बुद्धाने गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचं सुख मोजलं आहे. कर्ज बुडवा असा प्रचार मी करत नाही.

माझं म्हणणं, शब्द पाळण्याची नीती सगळ्यांना एकच आहे का ते बघा. २००९ च्या शेवटी घरकर्ज देणाऱ्यांच्या तिथल्या संघटनेचा प्रमुख म्हणाला की घर टाकून जाणारे आपल्या पोराबाळांना काय शिकवण देतात याचा विचार करा. आणि २०१० च्या फेब्रुवारीत त्याच संघटनेने वॉशिंग्टनमधली स्वतःची इमारत विकली. २००७ ला ७ कोटी ९० लाख डॉलरला घेतलेली, ४ कोटी १३ लाखांना गेली. कर्ज त्याहून कितीतरी जास्त होतं, ते सावकारांशी समजुतीने मिटवलं. त्याच्या आदल्या महिन्यात न्यूयॉर्कमधली ११ हजारांवर घरांची एक वसाहत बड्या मालकांनी सावकारांच्या हाती सोपवली आणि हात झटकले. २००६ ला ५४० कोटी डॉलरला घेतली होती. त्यांच्या पोरांना काय शिकवण मिळाली हे कोणी विचारलं नाही. मोठ्याने टाकलं की व्यवहार, बारक्याने टाकलं की पाप. दंड वर्ण बघून.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हप्ता भरणारा शेजारी. २००९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या सट्टाबाजारात उभं राहून टीव्हीवरचा एक माणूस ओरडला, शेजाऱ्याचं कर्ज तुम्ही फेडणार का? भोवतीचे सगळे नाही म्हणून ओरडले. चारच महिने आधी, २००८ च्या ऑक्टोबरात, बँका वाचवायला ७० हजार कोटी डॉलरपर्यंतची मंजुरी झाली होती. राग मात्र शेजाऱ्याचा आला. का आला? कारण शेजारी दिसतो. बँक दिसत नाही, कागद तर चार हात फिरून गेलेला.

आणि साला एक गोष्ट कोणी बोलत नाही. त्या भल्या माणसाच्या घराचा भाव २००६ पर्यंत चढला तो कशाने? त्याच ढिल्या कर्जांनी. शेजाऱ्याला कर्ज मिळालं, तो बाजारात आला, गिऱ्हाईक वाढलं, म्हणून याचं घर न हलता महाग झालं. तेव्हा याने शेजाऱ्याचे उपकार मानले नाहीत. ती आपली हुशारी समजली. चढताना जे शेजाऱ्याच्या कर्जाने चढलं तेच पडताना शेजाऱ्याच्या जप्तीने पडलं. त्यातलं चढणं तेवढं माझं आणि पडणं तेवढं त्याचं, हा हिशोब मला मान्य नाही. मी त्याला वाईट माणूस म्हणत नाही. त्याला शिकवलंच असं होतं की तुझं घर म्हंजे त्याची किंमत. भिंत, चूल, पोरं झोपतात ती जागा, यातलं काहीच गेलेलं नसताना आपण लुटलो गेलो असं त्याला वाटलं. लुटले गेले ते दुसरेच. २००५ ते २००९ या चार वर्षांत काळ्या कुटुंबाची मधली मालमत्ता ५३ टक्क्यांनी घटली, गोऱ्याची १६ टक्क्यांनी. काळ्याची जी काय पुंजी होती ती घरात होती. स्वतःच्या घरात राहणारी काळी कुटुंबं २००४ ला शेकडा ४९ च्या आसपास होती, २०१९ च्या मध्याला ४१ च्या खाली.

ओकलंडचं नाव आपल्याला पाठ आहे. १९६६ ला ब्लॅक पँथर तिथे जन्मली, सहा वर्षांनी मुंबईत आपली पँथर उभी राहिली ती तिच्याकडे बघून. त्यांच्या दहा कलमांतलं चौथं कलम घराचं होतं, माणसाला शोभेल असं घर. त्या ओकलंडमध्ये २००७ ते २०११ या काळात दहा हजारांहून जास्त घरं जप्त झाली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांवर गुंतवणूकदारांनी उचलली. देशभर हेच झालं. २०१२ पासून मोठ्या कंपन्या पडेल भावातली घरं हजारांनी घेऊन भाड्याने देऊ लागल्या. म्हंजे भाव पडला त्याचापण कोणाला तरी फायदा झाला. गल्लीतले लोक एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते तेव्हा घेणारा लिलावात बसलेला होता.

हे सगळं मी टपरीवर सांगितलं. कार्यकर्ता म्हणाला, "तरी पण तुझ्या पगारातून कापलं तर?" भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. दोस्ताचं काम सुटलं तर हप्ता माझ्या पगारातून जाईल आणि घरी म्हातारीला उत्तर द्यावं लागेल.

रविवारी सही केली. त्याआधी कारकुनाला कागद दोनदा वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, व्याज तिसऱ्या वर्षी चढतं का? चढायचं असेल तर कुठे लिहिलंय? कारकून म्हणाला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग त्यानेच चष्मा लावून पान उलटलं, आणि आम्ही तिघं बारीक अक्षरातलं मागचं पान वाचायला लागलो.