ज्या जीवाला आपली ओळखही नाही



लांज्याहून समुद्र दिसत नाही. महामार्गावरच्या या आमच्या गावात समुद्र येतो तो मासळीच्या टोपलीतून. म्हणूनच असेल, दोन वर्षांपूर्वी मला विचारलेल्या एका प्रश्नाचे वजन मला त्या वेळी कळले नाही.

जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्यापाशी आले. मुलगा रत्नागिरीला बी.एस्सी. करीत होता. किनाऱ्यावर समुद्री कासवांचे रक्षण करणाऱ्या मंडळींसोबत एक हंगाम राहून काम शिकावे, अशी त्याची इच्छा होती. वडील म्हणाले, "इमामसाहेब, कासव आपण खात नाही, विकत नाही. त्याची अंडी राखण्यात सवाब तो कसला?" मी घाईत होतो. आधी शिक्षण, मग माणसांची सेवा, जनावरे त्यानंतर, असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. मुलगा काहीच बोलला नाही. त्या उत्तराचा हिशेब मला आज आपल्यासमोर द्यावयाचा आहे.

आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, वेळास नावाचे गाव आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला. तत्पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करीत. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. परत ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पहाटे कार्यकर्ते तिच्या खुणा शोधीत किनारा चालतात (फजरची वेळही तीच, हे जाता जाता). ती अंडी अलगद काढून कुंपणातील तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवली जातात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात आणि लाटेकडे धावू लागतात. हजारातून एखादेच वाढून मोठे होते, असे जाणकार मानतात.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. हनफी मताप्रमाणे समुद्रातून केवळ मासा हलाल आहे. आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मसलकातही कासव न खाण्याचेच मत प्रचलित आहे. परंतु खाण्यास निषिद्ध म्हणजे हक्काविना, असे शरिअतने कोठे म्हटले? हलाल-हरामचा विचार आपण ताटापुरता आखडून घेतला आहे. दिव्य कुरआन (६:३८) भूमीवरील प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना तुमच्याचसारखे समुदाय ठरवितो. अबू दाऊदच्या संग्रहात एका प्रवासाची हकीकत आहे. काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती आई पंख फडफडवू लागली, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पिल्ले तिला परत करावयास लावली. त्या पक्षिणीला निदान फडफडता येत होते. कासवीण तर केव्हाच दूर गेलेली असते. तिच्या वतीने तक्रार कोण करणार? मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्याची प्रेषितांची ताकीद मी वर्गात अनेकदा शिकवली होती. त्या शुक्रवारी ती मला आठवली नाही.

"आधी माणसे" हे माझे वाक्य खोटे नव्हते. शेजाऱ्याचा हक्क बुडवून किनाऱ्यावर जागणाऱ्याला मी आजही आधी शेजाऱ्याकडे पाठवीन. पण खरे सांगायचे तर त्या मुलाला मी दुसऱ्या कोणत्याही सेवेचा पत्ता दिला नव्हता. माणसांचे नाव मी केवळ नकार देण्यासाठी वापरले. हे आपण फार वेळा करतो, नाही का?

त्याला प्रमाणपत्रही हवे होते, ही वडिलांची आणखी एक शंका. कर्मे नियतीवर, म्हणजे हेतूवर, अवलंबून असतात हे खरेच. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणून हेतू नासतोच असे नाही; वेतन घेणाऱ्या इमामाने तरी असे म्हणू नये. शिवाय या कामात वाहवा करणारे कोणी नसते. जे पिल्लू पाण्यात शिरते ते आपल्याला ओळखत नाही, आणि ते जगले की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. दिखाव्याला याहून कमी जागा असलेले सत्कर्म शोधणे कठीण आहे.

आणि समुद्र आपल्यापासून दूर आहे असेही नाही. आपल्या तालुक्यात माचाळच्या डोंगरातून निघालेली मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते. त्या खाडीपलीकडे गावखडीचा किनारा आहे, आणि तेथेही कासवे अंडी घालतात. वलीम्याच्या जेवणानंतर ओढ्यात भिरकावलेली प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात कोणत्या दिशेने जाते, याचा विचार आपण स्वतःच करावा.

तो मुलगा आता ओमानमध्ये एका गोदामात नोकरी करतो. गेल्या महिन्यात मी त्याला फोन करून माझी चूक सांगितली व माफी मागितली. तो जरासा हसला. म्हणाला, "मौलाना, येथे रास अल-जिन्झ नावाच्या किनाऱ्यावर मोठी हिरवी कासवे अंडी घालायला येतात. अजून सुट्टी मिळालेली नाही. मिळाली की पाहून येईन." मग त्याने अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि वलीम्यानंतर उरलेल्या पिशव्या आता आम्ही कोठे टाकतो, हेही विचारले.