परतणाऱ्यांसाठीच

वीस-पंचवीस वर्षांनी पापनिवेदनाला निघालेल्या कॅथलिक माणसाला बहुधा वाटतं, की हा संस्कार नेमाने येणाऱ्यांचा; आपण पळपुटे. इतिहास उलटं सांगतो. हा संस्कार आकाराला आला त्यात पळालेल्यांचा मोठा वाटा आहे.

इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने देवांना बळी अर्पण करण्याचं फर्मान काढलं. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी ते पाळलं. काहींनी बळी दिल्याचे नुसते दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर ही माणसं पुन्हा चर्चच्या दाराशी आली. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, घेऊ नका. कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, प्रायश्चित्त करू द्या, मग घ्या. सिप्रियन यांचं मत टिकलं. पण ते प्रायश्चित्त चारचौघांत, दीर्घ आणि आयुष्यात एकदाच. साहजिकच लोक ते मरणाच्या घटकेपर्यंत पुढे ढकलू लागले.

एकांतात, पुन्हा पुन्हा पाप सांगण्याची रीत आयरिश मठवासीयांनी सहाव्या-सातव्या शतकात रुजवली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती वर्षातून एकदा बंधनकारक केली. पाप सांगण्याची जाळीची पेटी तर सोळाव्या शतकातली, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या आग्रहाची.

परभणीत या जाळीचं मला थोडं हसू येतं. हा जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. इथला कॅथलिक समाज लहान आणि विखुरलेला. फादर जिथे माणूस आवाजावरून ओळखतात, तिथे जाळी काय झाकणार? खरा आडोसा गुप्ततेच्या नियमाचा: ऐकलेलं पाप जाणूनबुजून उघड करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो.

शेजारी विचारतात, देवाला थेट सांगता येतं, मग फादर कशाला? विठ्ठलाशी थेट बोलणाऱ्या जनाबाईच्या गंगाखेडात हा प्रश्न अगदी रास्त आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीला जाणाऱ्या जैनाला मात्र तो तितकासा पडणार नाही. गुरूपुढे दोष सांगून प्रायश्चित्त मागण्याची आलोचना त्याच्या परंपरेत आहेच. माझं उत्तर सिप्रियन यांच्या काळाकडे जातं. सोडून गेलेल्याचं देवाशी बिनसलं होतं तसं चर्चशीही. 'ये' हे त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

उरते ती यादीची धास्ती. गंभीर पापं एकेक करून, प्रकारासह सांगावीत, असं १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने ठरवलं, आणि इतक्या वर्षांचा हिशेब कोण देणार? पण त्याच परिषदेने म्हटलं, की प्रामाणिकपणे आठवूनही जे सुटलं तेही क्षमेत येतं. पुढे आठवलं तर तेव्हा सांगावं. नियमाचा हा उत्तरार्ध लोकांपर्यंत फारसा पोचलेला दिसत नाही. तसंच, मागचं निवेदन होऊन किती काळ लोटला हे रीतीप्रमाणे सुरुवातीलाच सांगायचं असतं. महिन्याने येणाराही ते सांगतो, तीस वर्षांनी येणाराही.